डावीकडचे विचारणार, उजवीकडचे सांगणार

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. घरात सुट्या किल्ल्या साठतात, तसे ते साठतात. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे कुणाला आठवत नाही, आणि टाकून द्यायचाही धीर होत नाही.

माझ्याकडचे बहुतेक किस्से माझे नाहीत, माझ्या बायकोचे, सुनंदाचे आहेत. ती गेली तेव्हा सुरुवातीचे काही दिवस लोक भेटायला यायचे. समोर बसायचे आणि जमिनीकडे बघायचे.  मग शाळेतलं कुणीतरी हळूच म्हणायचं, "सर, ते जिग्नेशचे आजोबा आठवतात?" की झालं. पुढचा तासभर तिच्या त्या वर्गाच्याच गोष्टी. एकदा आम्ही इतके हसलो की खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. त्यांना वाटलं, आमचं रडणं अनावर झालंय. पदर डोळ्यांना लावून त्या आत आल्या, कोपऱ्यात बसल्या, आणि पाच मिनिटांत पदर खाली घेऊन म्हणाल्या, "मग? पुढे काय झालं त्या मुलीचं?"

त्या मुलीचं काय झालं ते सांगतो. पण आधी वर्ग सांगायला हवा.

* * *

आमची शाळा मुलुंडची, इंग्रजी माध्यमाची. मी भूगोल शिकवायचो, सुनंदा इंग्रजी. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. ज्याला त्याला आपलं मूल इंग्रजी शाळेत घालायचं होतं आणि घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. कच्छी, मालवणी, तमिळ, सिंधी, जी ती आपापली भाषा घेऊन मुलं यायची आणि वर्गात बसली की गप्प व्हायची. अशा मुलांसाठी रोज दोन तास वेगळे काढले होते, फक्त इंग्रजी बोलायला शिकवण्यासाठी. ते काम सुनंदाकडे आलं.

खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. मागे क्रिकेटची मॅट गुंडाळून उभी केलेली, वर खुंटीला व्हॉलीबॉलची जाळी. त्यात दोघादोघांचे बाक असे कोंबलेले की एकदा आत शिरलेलं मूल घंटा झाल्याशिवाय बाहेर पडू शकत नसे. पलीकडे माझा नकाशांचा वर्ग. मध्ये प्लायवूडची भिंत. ती भिंत दिसायला भिंत होती एवढंच. आवाजाला तिचा अडथळा नव्हता.

हलायला जागा नाही, म्हणून सुनंदाने पद्धतही न हलणारी काढली. बाकावर डावीकडे बसेल तो विचारणार, उजवीकडे बसेल तो सांगणार. "व्हॉट इज युअर नेम?" "माय नेम इज बालू." नुसतं "बालू" म्हटलेलं चालत नसे. ती म्हणायची, "हे नाव झालं. उत्तर कुठाय?"

प्लायवूडच्या अलीकडे याचा व्हायचा तो परिणाम झालाच. पलीकडून ते दोन तास सतत "व्हेअर डू यू लिव्ह?" "आय लिव्ह इन मुलुंड." आणि इकडे मी नद्या शिकवतोय. त्या वर्षी माझ्या सातवीच्या पेपरात ब्रह्मपुत्रा आसाममध्ये 'राहते' असं लिहिणारे बरेच निघाले. मी घरी येऊन तक्रार केली.

सुनंदा म्हणाली, "पूर्ण वाक्यात लिहिलंय ना? मग अर्धा मार्क द्या."

घरीही तेच चालायचं. सोफ्यावर ती डावीकडे, मी उजवीकडे. ती विचारायची, मी सांगायचो. "चहा हवाय का?" या प्रश्नाला "हो" हे उत्तर आमच्या घरात पुरत नसे.

* * *

वैजू सावंत त्या वर्गात आली ती पाचवीत, म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतून. वडील आधी गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि सावंत बायको-मुलीला घेऊन मुलुंडला आले. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात लागले होते. मूळचे देवगडकडचे. बोलणं अर्धं मुंबईचं, अर्धं मालवणी.

आमच्या प्रिन्सिपल पिंटो मॅडम. त्यांनी विचारलं, "इतक्या उशिरा इंग्लिश मीडियम कशाला? मुलीला झेपणार नाही."

सावंत उभेच होते. शाळेत ते कधी बसत नसत. खुर्ची पुढे केली तरी "नको, बरा आसा" म्हणून भिंतीशी उभे राहायचे. उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, गिरणीत साहेबाचं बोलणं मला कळायचं नाही. लीडरचं पण कळायचं नाही. हिका एकाचा तरी कळांदेत."

पिंटो मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्या कडक होत्या, पण कान बंद ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ठीक आहे. एक वर्ष. वर्षअखेरीला मी स्वतः तिच्याबरोबर इंग्लिशमध्ये बोलणार. माझ्या ऑफिसमध्ये, एकटीबरोबर. जमलं तर सहावीत जाईल. नाही जमलं तर परत मराठी शाळेत, आणि पुन्हा पाचवीत. चालेल?"

सावंतांनी वैजूकडे बघितलं. वैजूने मान डोलावली. सुनंदाने तिला वर्गात नेलं आणि जागा रिकामी होती तिथे बसवलं. डावीकडे.

* * *

आता ते जिग्नेशचे आजोबा.

पिंटो मॅडमनी एक फतवा काढला होता, की या वर्गातल्या मुलांच्या घरी रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त इंग्रजी बोललं जावं. जिग्नेशचं घर म्हणजे मोठं कच्छी कुटुंब. तीन काका, तीन काकू, खाली धान्याचं दुकान, वर सगळे एकत्र. आजोबांचा घरात दरारा. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "शाळेचा हुकूम आहे. सात ते साडेसात, इंग्रजी सोडून एक शब्द नाही."

पंधरा दिवसांनी आजोबा स्वतः शाळेत. धोतर, काळी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. सुनंदाला वाटलं, घरी इंग्रजी सुरू झाल्याचे पेढे.

"काका, बोलायला लागले का सगळे?"

"कोण बोलेल, बेन? येतं कुणाला?" आजोबा म्हणाले. "अर्धा तास घरात कोणी तोंड उघडत नाही. सुना भांडत नाहीत. मुलगे हिशोबावरून ओरडत नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या घरात शांत बसून चहा प्यालो."

मग पुडा टेबलावर ठेवून, जरा पुढे वाकून म्हणाले, "बेन, अर्धा तास फार कमी पडतो. एक तास करून द्या ना."

* * *

त्याच वर्षी जुलैत केन्जी आला. त्याचे वडील जपानी इंजिनिअर. जवळच्या एका कारखान्यात नवीन मशिनं बसवायला काही महिन्यांसाठी आले होते. साऊथ बॉम्बेच्या शाळा लांब पडत होत्या, म्हणून त्यांनी मुलाला आमच्याकडे घातला. केन्जीला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. वैजूच्या बाकावर उजवी जागा रिकामी होती, तिथे तो बसला.

पण या किश्शात केन्जीचं काही काम नाही. हा किस्सा फाटकाचा आहे.

परदेशी विद्यार्थी आल्याचं कळताच आमचे ट्रस्टी शेठजी हरखले. म्हणाले, "आता आपली शाळा इंटरनॅशनल. नावात टाका." पेंटर बोलावला. फाटकाला लोखंडी पत्र्याचे दोन दरवाजे. डाव्या दरवाजावर शाळेचं नाव इतकं ठासून लिहिलेलं की पुढे बोटभर जागा नाही. पेंटरने विचार केला आणि उजव्या दरवाजावर, निळ्या रंगात, मोठ्या झोकात 'इंटरनॅशनल' लिहून दिलं.

आमच्याकडे रोज उजवाच दरवाजा उघडायचा. सकाळी शिपाई तो आत लोटून भिंतीला टेकवून ठेवायचा, ते शाळा सुटेपर्यंत.

पिंटो मॅडमच्या हे पहिल्यांदा लक्षात आलं. स्टाफरूममध्ये येऊन चेहरा जराही न हलवता म्हणाल्या, "नोट करा. शाळा चालू असते तेव्हा आपण साधे. शाळा बंद झाली की इंटरनॅशनल."

* * *

बालू तमिळ मुलगा. जिग्नेशच्या बाकावर, उजवीकडे. हसतमुख, शांत. सुनंदा त्याचं कौतुक करायची, की किती भराभर शिकतोय. दिवाळीच्या सुमारास त्याचे वडील कधी नव्हे ते शाळेत आले, फी भरायला. सुनंदा त्यांना म्हणाली, "अहो, तुमच्या मुलाची प्रगती थक्क करणारी आहे."

वडील गोंधळले. "मॅडम, आम्ही घरी इंग्लिशच बोलतो. हा आधी मद्रासला कॉन्व्हेंटमध्ये होता. याला या वर्गात कोणी टाकलं?"

कोणी टाकलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुनंदाने बालूला उभं केलं.

"तुला सगळं येत होतं? मग इतके महिने सांगितलं का नाहीस?"

बालू पूर्ण वाक्यात म्हणाला, "टीचर, मी उजवीकडे बसतो. मला कोणी विचारलं नाही."

* * *

हे हसण्यावारी गेलं. पण त्यात धोक्याची घंटा होती. ती आमच्या लक्षात यायला शेठजींची भेट व्हावी लागली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर शेठजी वर्ग बघायला आले. पहिल्याच बाकावर जिग्नेश. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?"

जिग्नेश ताठ उभा राहून खणखणीत म्हणाला, "व्हॉट इज युअर नेम?"

शेठजींना वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. जिग्नेश पुढच्या प्रश्नाकडे वळला. "हाऊ ओल्ड आर यू?"

शेठजींनी तो नाद सोडला आणि उजवीकडच्या मुलांना विचारायला लागले. ती फडाफडा उत्तरं देत सुटली. शेठजी खूश. म्हणाले, "शाबास. आता तुम्ही मला काहीतरी विचारा."

उजवी रांग दगड.

"काहीही विचारा."

पलीकडे मीसुद्धा शिकवायचा थांबलो होतो.  शेवटी शेठजी बाहेर पडता पडता सुनंदाला म्हणाले, "मॅडम, वर्ग चांगला आहे. पण यातले अर्धे पोलीस आहेत आणि अर्धे गुन्हेगार."

त्या संध्याकाळी सुनंदा सोफ्यावर माझ्या जागी, उजवीकडे येऊन बसली. मला म्हणाली, "अहो, सहा महिने मी मुलांना अर्धी अर्धी भाषा शिकवली. आज तुम्ही विचारा, मी सांगते. बघू किती जड जातं ते."

मी बराच विचार केला. मग विचारलं, "जेवायला काय आहे?"

"हे सगळेच पुरुष विचारतात," ती म्हणाली. "दुसरं विचारा."

दुसरं मला त्या दिवशी सुचलं नाही. पुढे सुचत गेलं. ती आजारी पडली तेव्हा तर रोज मीच विचारायचो आणि ती सांगायची, पूर्ण वाक्यात. असो.

दुसऱ्या दिवसापासून तिने वर्गात जागा बदलल्या. बहुतेक मुलं पंधरा-वीस दिवसांत रुळली. एक वैजू सोडून. डावीकडे बसली की ती वकिलासारखी विचारायची. व्हॉट, व्हेअर, व्हाय, काही सोडायची नाही. उजवीकडे बसवली की ओठ घट्ट. सुनंदा समजवायची, "वैजू, अगं, मॅडम तुला विचारणार आहेत. तुला सांगायचंय." वैजू मान डोलवायची आणि घंटा झाली की हळूच पुन्हा डावीकडे सरकायची.

* * *

केन्जीचा त्यात हात होता. तो इतका उत्तम सांगायचा की वैजूला कधी सांगायची वेळच आली नव्हती. आणि तिच्याकडचे पुस्तकातले प्रश्न संपले तरी ती थांबत नसे. मालवणीत विचारायची. केन्जीला कुठलं काय हे कळायला मार्ग नव्हता. तो सगळ्याचीच उत्तरं शिकला.

जानेवारीत त्याच्या वडिलांचं काम संपलं. निरोप घ्यायला आई-वडील दोघं आले. बरोबर कंपनीचा दुभाषी, नुकताच दिल्लीहून आलेला. वडिलांनी सुनंदापुढे कमरेत वाकून नमस्कार केला आणि बरंच काही बोलले.

दुभाषी म्हणाला, "साहेब म्हणतात, मुलाचं इंग्रजी फार सुधारलं. तो रोज घरी आईलाही शिकवतो. मुलाच्या आईला स्वतः दोन शब्द इंग्रजीत बोलायचे आहेत."

केन्जीची आई पुढे आली. लहानखुरी बाई, हातात बांबूचा पंखा. तो तिने सुनंदाच्या हातात ठेवला, हात जोडले, आणि एकेक शब्द जपून उच्चारत म्हणाली, "बरा तर. येतंय हां, गो बाय."

सुनंदाने पापणीही हलू दिली नाही. तितक्याच जपून म्हणाली, "येवा."

दुभाषी मला बाजूला घेऊन कौतुकाने विचारायला लागला, "ही बोलण्याची ढब वेगळी वाटते. ब्रिटिश की अमेरिकन?"

मी म्हटलं, "देवगडची."

* * *

केन्जी गेला आणि वैजूच्या उजवीकडची जागा रिकामी झाली. सुनंदाला वाटलं, आता तरी ही स्वतः सांगायला लागेल.

फेब्रुवारीत सावंत भेटायला आले, वैजूचं कसं काय ते विचारायला. भिंतीशी उभे.

सुनंदा म्हणाली, "घरी सराव करते का?"

"करता तर. रोज. मी कामावरून येतंय, हातपाय धुतंय, की माका उजवीकडे बसवता."

"तुम्हाला?"

"मग कोणाक? ती विचारता, मी सांगतंय. चुकलंय तर चहा गावणा नाय."

"आणि तिची आई?"

"ती दोनीकडे," सावंत म्हणाले. "तिका बसाक वेळ खंय?"

सुनंदाला खरं वाटेना. तिने पुस्तकातला बसस्टॉपचा धडा काढला. त्यात एक माणूस थांब्यावर उभा आहे असं चित्र होतं. तिने विचारलं, "सावंत, व्हाय आर यू स्टँडिंग?"

सावंतांनी हाताची घडी सोडली, हात सरळ खाली घेतले आणि शाळेतल्या मुलासारखे समोर बघून म्हणाले, "आय ॲम स्टँडिंग बिकॉज द बस इज लेट."

सुनंदाने कपाळाला हात लावला. घरी आल्यावर मला म्हणाली, "एवढं वर्ष घालवून मी त्या घरात एकाला पास होण्याइतकं शिकवलंय. पण परीक्षा त्याची नाहीये हो."

* * *

परीक्षेच्या दिवशी पिंटो मॅडमनी वैजूला सगळ्यांत शेवटी बोलावलं. सकाळपासून त्यांच्या ऑफिसात एकामागून एक पालक चालले होते. शाळा सुटली, मुलं गेली, फाटक लावून घेतलं, म्हणजे आम्ही इंटरनॅशनल झालो, आणि मग वैजू आत गेली.

बाहेर बाकावर सुनंदा आणि मी. समोर भिंतीशी सावंत, कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून आलेले, इस्त्रीचा शर्ट, नखात कुठेकुठे राहिलेला हिरवा रंग. सुनंदा दोनदा म्हणाली, "बसा ना, सावंत." दोनदा ते म्हणाले, "बरा आसा."

दाराला अर्ध्यातून वर काच, तीसुद्धा दुधी. आतलं दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी ती टेबलाला वळसा घालून लांबपर्यंत ओढत नेत होतं.

सुनंदा पुटपुटली, "ही त्यांच्या डावीकडे जाऊन बसतेय."

मग वैजूचा आवाज. स्वच्छ, मोठा. "व्हॉट इज युअर नेम?"

सुनंदाने डोळे मिटून घेतले. "वाट लागली," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

आता इथे एक सांगायला हवं. पिंटो मॅडमना शाळेत कोणी प्रश्न विचारत नसे. त्या विचारायच्या आणि बाकीचे, म्हणजे शिपायापासून शेठजींपर्यंत सगळे, उत्तरं द्यायचे. तशा त्याही आयुष्यभर डावीकडेच बसलेल्या.

 मग मॅडमचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा खालच्या पट्टीत. "माय नेम इज मिसेस पिंटो."

"व्हेअर डू यू लिव्ह?"

"आय लिव्ह इन मुलुंड, निअर द चर्च."

सावंत दाराकडे कान देऊन ऐकत होते. त्यांनी सुनंदाला हळूच विचारलं, "टीचर, कोण विचारता? मॅडम की माझा चेडू?"

"तुमची मुलगी विचारतेय."

सावंतांनी त्यावर विचार केला. "मगे पास कोण होतला?"

सुनंदाने ओठांवर बोट ठेवून दाराकडे खूण केली. आत प्रश्न चालूच होते. हू कुक्स युअर फूड? आय कुक माय फूड. हू लिव्हज विथ यू?

आत पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. 

"आय लिव्ह अलोन," मॅडम म्हणाल्या. "सिन्स माय हजबंड डाइड."

पुस्तकात यापुढे प्रश्न नव्हता. धडा तिथेच संपत होता. मला वाटलं, आता मॅडम भानावर येतील, चष्मा पुसतील आणि स्वतः विचारायला लागतील. सुनंदाने माझा हात घट्ट धरला होता. सावंतांची हाताची घडी सुटली होती.

आतून वैजूचा आवाज आला, जरा चाचरत. हा प्रश्न तिचा तिने जुळवलेला असणार. तिच्या घरी दारात कोणी आलं की पाणी द्यायच्याही आधी विचारतात तो.

"हॅव यू ईटन?"

दुपारचे तीन वाजून गेले होते. पिंटो मॅडम सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. विचारलं कोणीच नव्हतं.

"नो," मॅडम म्हणाल्या. मग, अर्ध्या उत्तराचे मार्क कापणाऱ्या बाई त्या, त्यांनी स्वतःच ते पुरं केलं. "नो, आय हॅव नॉट ईटन."

यानंतर जे ऐकू आलं ते आम्हाला लावता येईना. ड्रॉवर उघडला. काहीतरी धातूचं आपटलं. मग पाण्याचा ग्लास. मग मॅडमचा आवाज, "व्हॉट अबाउट यू?" आणि वैजूचं, अगदी सहज, जणू वर्षभर हेच करत आलीय असं, "आय हॅव नॉट ईटन, बिकॉज आय वॉज अफ्रेड."

सुनंदा उठली. दारावर टकटक करायचंही तिला सुचलं नाही. तिने दार ढकललं. मागे मी, माझ्या मागे उंबऱ्याबाहेर सावंत.

टेबलावर मॅडमचा स्टीलचा डबा उघडा. खालचा भाग मॅडमच्या पुढे, झाकण वैजूच्या पुढे. झाकणात भात आणि माशाची तुकडी. वैजूची खुर्ची मॅडमच्या खुर्चीला लागून, डावीकडे. तोंडात घास.

"मॅडम," सुनंदा म्हणाली, "परीक्षा?"

पिंटो मॅडमनी काटा बाजूला काढून ठेवला. सावकाश म्हणाल्या, "सुनंदा, हिला सहावीत पण डावीकडेच बसव."

वैजूने घास गिळला. आमच्याकडे बघितलं. मग आमच्या मागे, बापाकडे. टेबलासमोर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

"व्हाय आर यू स्टँडिंग?" तिने विचारलं.

 सावंतांनी हात सरळ खाली घेतले, समोर बघितलं आणि म्हणाले,

"आय ॲम स्टँडिंग बिकॉज माय डॉटर इज सिटिंग."